अनुभवी माणसाला वाटाड्या कशाला?

दक्षिण चिलीतल्या एका स्की सहलीचं पत्रक माझ्या मुलीने माझ्या भावाला दाखवलं आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात दुसरा विषयच निघाला नाही. पत्रकात वर ठळक छापलं होतं, 'फक्त अनुभवी स्कीपटूंसाठी'. त्याच्या खालीच होतं, 'पूर्ण वेळ गाइड सोबत'. मुलीला या दोन ओळींत काही खटकलं नव्हतं. भावाला नेमकं तेवढंच खटकलं.

दोघांची ओळख थोडक्यात करून देते. मुलगी नोकरीनिमित्त सिएटलला असते. स्कीइंगची धुळाक्षरं तिने गुलमर्गला गिरवली, पण हात बसला (खरं तर पाय) तो तिकडच्या कॅस्केड पर्वतरांगेत. भाऊ भूशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. त्याची हयात दख्खनच्या बेसॉल्टवर हातोडी मारण्यात गेली, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेल्या लाव्हावर. जिवंत ज्वालामुखीबद्दल त्याला आदर आहे, आणि आदर असलेल्या गोष्टीच्या डोक्यावर चढू नये असं त्याचं मत आहे. इथे दोघांना मी नात्यानेच बोलावते, मामा आणि भाची. मी आई. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

बेत असा होता: ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, अराउकानिया भागातले तीन ज्वालामुखी. लोनकिमाय २८६५ मीटर, याइमा ३१२५ आणि जमलं तर विय्यारिका, २८४७. लिफ्टने वर जायचं नाही, स्की घालून चालत चढायचं. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. तिची लव एकाच दिशेला कललेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर आणि नायलॉनची असते. चढताना बुटाची टाच मोकळी, उतरताना बंद. चार-पाच, कधी सहा तास चढायचं आणि तासाभरात खाली यायचं. हा हिशेब मला अजून पटलेला नाही, पण तो वाद वेगळा.

मामा: मला एवढंच सांग. तू अनुभवी आहेस, तर वाटाड्या कशाला? आणि वाटाड्या लागतोच, तर तू अनुभवी कसली?

भाची: अनुभव बर्फाचा आहे, मामा. त्या डोंगराचा नाही.

मामा: उतार, बर्फ आणि वारा. आणखी काय असतं डोंगरात?

भाची: हे तू विचारतोस? साध्या डोंगराला धार असते, सोंड असते, खिंड असते. ढगात सापडलं तरी पायाखालच्या चढउतारावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज येतो. शंकूवर सगळीकडे उतारच. शिखरावरून कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी स्की मजेत घसरते, म्हणून चुकलोय हे कळतच नाही. वर तीस अंशांनी दिशा चुकली, की पाच किलोमीटर खाली येईपर्यंत गाडी अडीच किलोमीटरवर राहते. मधे लाव्हाच्या घळी. आणि तिथून परत वर चढायचं बळ कुणात नसतं.

मामा: जीपीएस असतं की.

भाची: असतं. ते मी कुठे आहे एवढं सांगतं. काल दुपारी त्या उतारावर वाऱ्याने किती बर्फ आणून टाकला, ते नाही सांगत. तू चाळीस वर्षं सह्याद्रीत हिंडलास, तरी हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने जाताना बेलपाड्याचा माणूस बरोबर घेतोसच ना?

मामा: घेतो. पण मला वर पोचवलंच पाहिजे असं त्याच्यावर बंधन नसतं. वाट बघून तो 'आज नको' म्हणाला, तर आम्ही त्याच्या ओसरीवर चहा पिऊन परत येतो. तुझ्या वाटाड्याचा चहा भलता महाग दिसतोय.

हा टोला बसला. पण भाचीने पैशाचा विषय बाजूला ठेवला आणि घड्याळाकडे वळली.

भाची: वसंतात तिथे रात्री बर्फ गोठतो आणि दिवसा वितळतो. रोज असं होऊन वरच्या थराचे भरड दाणे बनतात. आम्ही त्याला कॉर्न म्हणतो. त्याच उतारावर सकाळी सातला चकचकीत कवच असतं. स्कीखाली दातेरी क्रॅम्पॉन बसवले तरी प्रत्येक पावलाला खर्र आवाज होतो आणि कड निसटेल की काय असं वाटतं. तिथे पडलं तर आइस अ‍ॅक्सने थांबवेपर्यंत माणूस दोनशे मीटर खाली. साडेदहाच्या सुमाराला वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटतात आणि खालचं घट्ट राहतं. त्या वेळी उतरायचं. बारा वाजले की घोट्यापर्यंत गिच्च, आणि मग ओला बर्फ थराथराने सुटायला लागतो. एका उताराला दिवसातून तासभर मिळतो, फार तर दीड तास. शंकूला मात्र सगळ्या दिशा असतात, म्हणून पूर्वेचा उतार आधी सुटतो, मग उत्तरेचा, शेवटी पश्चिमेचा.

मामा: उत्तरेचा? तिथे ऊन कुठलं?

भाची: चिली आहे, मामा. दक्षिण गोलार्ध.

प्राध्यापकाला असं सापडलेलं मी फार दिवसांनी पाहिलं. त्याने चष्मा पुसला.

भाची: तू सुद्धा क्षणभर चुकलास ना? मी उत्तर अमेरिकेत शिकले. माझ्या अंगात भिनलंय की दक्षिणेचा उतार आधी मऊ होतो. ढगात, घाईत, दमल्यावर माझं डोकं तेच जुनं सांगणार. गाइड तिथलाच. तो उतार त्याने गेल्या आठवड्यात पाहिलाय, त्याच्या आदल्या आठवड्यातही. वर किती वाजता पोचायचं ते ठरवून तो पहाटेचं निघणं मागे-पुढे करतो. लवकर पोचलो तर माथ्यावर कुडकुडत थांबायचं, उशीर झाला तर अर्ध्यातून फिरायचं. मला उतरायला शिकवायला मी त्याला घेत नाही. उतरणं मला येतं.

मामा: येतंच. सेंट हेलेन्सवर झगा घालून उतरलेली बाई तू.

याचा खुलासा करायला हवा. वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्सवर मदर्स डेला झगे घालून चढायची आणि स्कीवरून उतरायची तिकडच्या स्कीवाल्यांची प्रथा आहे. पुरुषही झगा घालतात. मुलीचा तसा फोटो माझ्याकडे आहे: फुलाफुलांचा फ्रॉक, पायात प्लास्टिकचे अवजड बूट आणि मागे तो तुटका माथा. १९८० च्या १८ मे रोजी त्या डोंगराचा माथा उडाला, २९५० मीटरचा डोंगर २५४९ वर आला, ५७ माणसं गेली. मातृदिनाच्या शुभेच्छा म्हणून हा फोटो आईला पाठवायची कल्पना कुणाला सुचेल, हे मी दोघांना विचारलं. दोघंही हसले. उत्तर नाही मिळालं.

मामा: तिथे गाइड नव्हता. त्याच्याहून उंच अ‍ॅडम्सवर गेलीस, तिथेही नव्हता. तिथे स्वतःचं डोकं चालवलंस. आता डोकं भाड्याने घेतेयस. माझी तक्रार ही आहे.

भाची: म्हणजे जाण्याला तुझी हरकत नाही?

मामा: आहे की. पण ती दुसरी. आधी ही ऐक. इयन मॅककॅमन नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास केला. माणसं कुठल्या मानसिक सापळ्यांत अडकतात ते त्याने मांडलं. ओळखीचा उतार, वर पोचायचंच ही जिद्द, असं बरंच काही. त्यातला एक सापळा म्हणजे जाणकाराचं वलय. गटात एक जण जाणता आहे असं ठरलं की बाकीच्यांचं डोकं सुट्टीवर जातं. तू तर त्या वलयाचे पैसे मोजणार आहेस.

भाची: तो अभ्यास मलाही माहीत आहे. स्खलनाच्या प्रत्येक वर्गात तो शिकवतात. त्यातला जाणकार बहुतेक वेळा गटातलाच कुणी हौशी असतो, वयाने मोठा किंवा तोंडाने मोठा. प्रशिक्षित गाइड वेगळा.

मामा: वेगळा असेल. तुझं डोकं तर तेच आहे ना?

भाचीने यावर लगेच उत्तर दिलं नाही. मला वाटतं इथे मामा बरोबर होता, आणि तो बरोबर आहे हे तिलाही कळलं होतं. पण तेवढ्यावर थांबला तर तो माझा भाऊ कसला. त्याने दुसरी हरकत काढली, आणि ती त्याच्या हक्काच्या विषयातली होती.

मामा: आता मूळ गोष्ट. विय्यारिका हा मोकळ्या तोंडाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या विवरात अनेकदा लाव्हाचं तळं दिसतं. ३ मार्च २०१५ च्या पहाटे त्याने लाव्हाचा फवारा उडवला, सुमारे दीड किलोमीटर उंच. हजारो माणसं घरातून बाहेर काढावी लागली. त्याच वर्षी २२ एप्रिलला दक्षिणेला काल्बुको उडाला. तिथे तर इशारा मिळाला जेमतेम काही तासांचा. तुझा गाइड यातलं काय ओळखणार?

भाची: काहीच नाही.

मामा: काहीच नाही?

भाची: ते त्याचं काम नाही. ते तेमुकोच्या वेधशाळेचं काम. चिलीची भूगर्भ संस्था आहे, सेर्नाहेओमिन. ती भूकंपमापकांवर, वायूंवर नजर ठेवते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा स्तर जाहीर करते. विय्यारिकाच्या पायथ्याच्या पुकोन गावात तर चौकातल्यासारखा सिग्नल आहे, ज्वालामुखीसाठी. २०२२ च्या शेवटी हालचाल वाढली, स्तर पिवळा झाला, शिखर बंद. २०२३ च्या सप्टेंबरात नारिंगी. अशा वेळी कुणी नेत नाही आणि मीही जाणार नाही. म्हणूनच पत्रकात 'जमलं तर' लिहिलंय. गाइड ज्वालामुखीच्या तोंडासाठी नाही, उतारासाठी आहे.

मामा: व्हाकारी आठवतं का? न्यूझीलंड. ९ डिसेंबर २०१९. बेटावर ४७ माणसं होती, वाटाड्यांसकट. तिथेही स्तर होते. तीनच आठवड्यांपूर्वी एकचा दोन केला होता. दोन म्हणजे हालचाल वाढलीय, उद्रेक नाही. सहली चालूच राहिल्या. २२ जण गेले, त्यात दोन गाइड होते. यंत्र होतं, स्तर होता, गाइडही होता.

भाची: हो.

मामा: मग?

भाची: मग काही नाही. त्या दिवशी विवराजवळ उभ्या असलेल्या कुणाला, कितीही चांगल्या गाइडने, वाचवलं नसतं. हे मी नाकारत नाही. एवढंच म्हणते की तिथे माणसं विवरात नेऊन फिरवली जात होती. आम्ही दिवसातली दहा-पंधरा मिनिटं माथ्यावर असतो. पट्ट्या सोलायच्या, बूट आवळायचे, निघायचं.

मामा: धोका कमी म्हण. नाही म्हणू नकोस.

भाची: कमी म्हणते.

इथे चहा आला, आणि दोघं जरा मवाळ झाले असं मला वाटलं. तेवढ्यात भावाने पत्रकातला लोनकिमायचा फोटो हातात घेतला.

मामा: हा बाजूचा छोटा काळा शंकू बघ. नाविदाद. स्पॅनिशमध्ये नाताळ. १९८८ च्या नाताळच्या दिवशी लोनकिमायच्या कुशीत फुटला आणि १९९० च्या जानेवारीपर्यंत धुमसत होता. दहा किलोमीटर लाव्हा वाहिला. राखेत फ्लोरिन होतं, ती गवतावर पडली, आणि ते गवत खाऊन जनावरं मेली. आता त्याच डोंगरावर कोर्राल्कोचं स्की केंद्र आहे. स्कोरिया, म्हणजे त्या सच्छिद्र काळ्या दगडाचा चुरा, ढीग होऊन किती उतारावर थांबतो, माहीत आहे?

भाची: तेहेतीस-चौतीस अंश?

मामा: साधारण तेवढाच. आणि तुमची हिमस्खलनं?

भाची: तीस ते पंचेचाळीसमध्ये सगळ्यात जास्त.

मामा: आणि उतरायला मजा कुठे येते?

भाची: तिथेच.

मामा: बघ. तीन गोष्टी एकाच कोनावर येऊन बसल्यात. आणखी एक. ज्वालामुखीचं अंग सगळीकडे सारखं थंड नसतं. खाली गरम वाफ असली की बर्फ आतून वितळतो, वर पातळ छत राहतं. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर २००६ च्या एप्रिलमध्ये स्की केंद्राच्या सुरक्षा पथकातले तिघं अशाच वायूच्या भोकात पडून मेले. कुंपण नीट करायला गेले होते बिचारे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खळग्यात साठतो, वास नाही की रंग नाही. ती तिघं रोज त्याच डोंगरावर काम करणारी माणसं होती. तुझ्या गाइडसारखी.

भाची: अशी ठिकाणं कुठे आहेत ते तिथल्या माणसालाच माहीत असतं, हेही त्यातच आलं ना? परक्याला कुंपणाचा अर्थसुद्धा कळणार नाही.

दोघं एकाच घटनेतून उलटसुलट निष्कर्ष काढत होते आणि मला दोन्ही पटत होते. ऐकणाऱ्याची पंचाईत अशीच होते. माझं मत झुकलं ते यापुढच्या भागात, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते.

भाची: मी एक सांगू? अ‍ॅडम्सवर आम्ही तिघी होतो. तिघी सारख्याच तयारीच्या. उशीर झाला होता, बर्फ मऊ व्हायला लागला होता, हे तिघींना दिसत होतं. कुणीच बोललं नाही. मी म्हटलं ती बोलेल, ती म्हणाली असेल मी बोलेन. नवखी असती तर पटकन म्हणाली असती, 'मला भीती वाटते.' अनुभवी बाईला ते म्हणवत नाही. आम्ही वर गेलो, उतरलो, काही झालं नाही. पण ते नशीब होतं. मला गाइड त्यासाठी हवा. गटात एक जण असा पाहिजे की 'फिरा मागे' म्हणणं हेच ज्याचं काम आहे. तो म्हणाला तर कुणाचं नाक कापलं जात नाही.

मामा: म्हणजे तू नकार विकत घेतेयस.

भाची: असं म्हण हवं तर.

मामा: चांगली खरेदी आहे. पण दुकानदार तो माल विकायला राजी आहे का, ते बघ. पुकोनसारख्या गावात डोंगर बंद झाला की घराघरात तंगी. हंगाम तीन-चार महिन्यांचा. तिथल्या माणसाला वर न्यायचीच ओढ असणार. तो वाईट आहे म्हणून नव्हे, त्याला मुलंबाळं आहेत म्हणून. बरं, अर्ध्यातून परत फिरलात तर पैसे परत देतात का?

भाची: विचारलं नाही. द्यायला पाहिजेत खरं तर.

मामा: देणार असतील तर जाऊ नकोस.

भाची: हे काय उलटंच?

मामा: उलटं कुठे? नकार दिला की त्याच्या खिशाला खार लागणार असेल, तर तो नकार किती वेळ टिकेल? पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच ठरलेलं बरं. मग 'नाही' म्हणायला त्याला काही पडत नाही. जे पडायचं ते तुला पडेल, आणि तुला परवडतं.

भाची याच्यावर हसली, पण मी तिला ओळखते. तिने ते मनात लिहून घेतलं.

मामा: आणि 'नाही' म्हणता येणं केवढं महाग असतं, ते चिलीनेच पाहिलंय. आंतुको. तुमच्या भागाच्या जरा उत्तरेला. १८ मे २००५. लष्करात नुकती भरती झालेली पोरं ज्वालामुखीच्या पायथ्याने कूच करत होती. हिमवादळ आलं. अंगावरचे कपडे पुरेसे नव्हते. आदेश होता म्हणून चालत राहिली. ४४ पोरं आणि एक सार्जंट. शिखरावर जायचं नव्हतं, स्की नव्हत्या, साहस नव्हतं. फक्त 'नको' म्हणायची सोय नव्हती.

यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाचीच म्हणाली.

भाची: त्यांना सोय नव्हती. मला आहे, आणि तरी मी ती वापरली नाही. म्हणूनच तर म्हणते.

मामा: हं.

मामाच्या तोंडून निघालेलं हे 'हं' आमच्या घरात अर्ध्या होकाराएवढं धरतात.

एक विषय दोघांनीही फार लवकर आटोपला. मामाने विचारलं, तो डोंगर कुणाचा? तिथले मापुचे लोक विय्यारिकाला रुकापिल्यान म्हणतात, पूर्वजांच्या आत्म्यांचं घर. त्यांच्या छपरावरून घसरत यायचं हे ठीक आहे का? भाची म्हणाली, पुकोनचे कित्येक गाइड त्याच मातीतले आहेत, त्यांना विचारेन. मामा म्हणाला, रोजगार देणाऱ्या पाहुण्याला कोण 'नाही' म्हणेल? बरोबर होतं. पण पुढे बोलायला दोघांकडे काही नव्हतं. लांबून पुण्यात बसून हा प्रश्न सुटणारही नव्हता. याइमाच्या अंगाखांद्यावरच्या अराउकारिया झाडांवर मात्र भाची बराच वेळ बोलली. छत्रीसारख्या माथ्याची ती झाडं बर्फातून उभी असतात आणि उतरताना शेवटचा टप्पा त्यांच्यामधून वाट काढत करायचा असतो. तिथल्या पेउएंचे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या बिया खाऊन हिवाळे काढले. मामाने विचारलं, झाडावर आपटलीस तर? ती म्हणाली, तो धोका गाइडचा नाही, माझा.

मामा: एक राहिलं. ज्या बर्फासाठी तुम्ही जाता, त्याच बर्फाने खालची गावं वाहून नेलीयत. लाव्हा बर्फावर आला की तो वितळतो आणि दगड, राख, चिखल घेऊन लोंढा खाली येतो. त्याला लाहार म्हणतात. १९६४ मध्ये कोन्यारिपे गावावर तसाच आला. विय्यारिकाचा खरा धोका शिखरावरच्या माणसाला कमी आणि नदीकाठच्या माणसाला जास्त आहे. तुझा फोटो वरचा असेल. खालच्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही.

भाची: म्हणून वेधशाळा आहे. ती स्कीवाल्यांसाठी उभारलेली नाही. आम्ही तिच्या आडोशाला जातो.

मामा: हे बरं बोललीस.

तोपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते. भाची फोनवर गाइडला पत्र लिहायला बसली. तयारीची यादी तिने वाचून दाखवली: गळ्यात गाडलेल्याचा ठाव सांगणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडं आणि घडीची प्रोब काठी. बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर तो बहुधा वाचतो, नंतर शक्यता झपाट्याने ढासळते. मदत बाहेरून येईल म्हणून थांबायचं नसतं, शेजारच्यानेच खणायचं असतं. मग मी तोंड उघडलं.

मी: तुम्ही किती जण?

भाची: आम्ही चौघं आणि गाइड एक.

मी: गाइड म्हणतो वर जाऊ या. आणि तुला वाटतं नको. मग?

भाची: मी थांबेन.

मी: कुठे थांबशील?

ती बोलायला गेली आणि थबकली. मामानेही कप खाली ठेवला.

भाची: एकटीला उतारावर सोडता येत नाही. उतरूही देता येत नाही. त्याला सगळ्यांना घेऊन फिरावं लागेल.

मी: बाकीच्या तिघांनीही पैसे भरलेत.

भाची: हो.

मामा: म्हणजे ती तोंड उघडायची लाज होती तिथेच आहे. अ‍ॅडम्सवर दोघींची होती, आता तिघांची आणि वर गाइडची.

भाची: दोन गाइड घेतले तर एक जण मला घेऊन खाली येऊ शकतो.

मामा: खर्च वाढेल.

भाची: वाढू दे. चौघांत वाटून घेऊ.

मामा: मग तेही लिही. आणि पैसे परत देता का ते विचार. कसं विचारतेयस ते मला आधी दाखव.

तिने लिहिलं, मामाने दोन शब्द बदलले. गाइडचं उत्तर दोन दिवसांनी आलं. दुसरा गाइड मिळेल, त्याचे पैसे वेगळे. विय्यारिकाबद्दल ऑक्टोबर येईपर्यंत काही सांगता येणार नाही. शिखर झालं नाही तरी पैसे परत मिळणार नाहीत, आणि परत फिरायचं की नाही यावर डोंगरात चर्चा होणार नाही.

भाचीने पत्र मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस मला बरा वाटतो."